पिसांचे टोप आणि गावाचा ठराव

माझ्या चालण्यात शेरीफ आहे, हे मला कधीचं माहीत होतं. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जेवढी जागा मिळते, तेवढ्यात मी पाय फाकवून, खांदे मागे टाकून, दोन्ही हात कमरेपासून वीतभर लांब ठेवून चालत असे. बायको पोळ्या लाटता लाटता विचारायची, "काखेत गळू झालं काय तुमच्या?"

मी वीज केंद्रात राख-विभागात आहे. कोळसा जळला की मागे जे उरतं ते पाण्यात कालवून, पाइपांतून दूर बंधाऱ्यापर्यंत ढकलायचं, हे आमचं काम. नोकरी राखेची आणि नाद नाटकाचा. कॉलनीच्या नाट्यमंडळात मी तरुणपणी शिरलो तो अजून निघालेलो नाही. मूळचा मी एटापल्लीच्या पलीकडचा, माडिया. रंग भट्टीतून आताच काढल्यासारखा, केस कुरळे, नाक बसकं. दिग्दर्शक कोणीही असो, माझ्याकडे पाहिलं की त्याला भूमिका लगेच सुचायची. पौराणिक नाटकात राक्षसांच्या दरबारातला द्वारपाल. सामाजिक नाटकात दरोडेखोराच्या मागे कुऱ्हाड घेऊन उभा असतो तो. बालनाट्यात अस्वल. आणि नायक-नायिका जंगलात वाट चुकणार असतील, तर जंगली.

जंगल्याला संवाद नसतात. "हुर्र हुर्र" एवढंच असतं. पण मी काही साधा नट नाही. मी भुकेलं हुर्र, रागावलेलं हुर्र आणि प्रेमात पडलेलं हुर्र अशी तीन हुर्र बसवली होती. तिसऱ्याला तर बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या आणि मला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. तरी घरी डब्यात भाजी भरताना वाटायचं, एखादं तरी पूर्ण वाक्य आपल्या वाट्याला यावं. कर्ता, कर्म, क्रियापद असलेलं. ज्याच्या शेवटी समोरचा माणूस गप्प होईल असं.

मग पुण्याकडून नवे साहेब बदलून आले. साहेबांना लहानपणापासून अमेरिकेतल्या काऊबॉय सिनेमांचं वेड. घोडे, पिस्तुलं, धुळीची गावं आणि डोक्याला पिसं लावून टेकडीवरून ओरडत येणारे रेड इंडियन. त्यांनी कँटीनमध्ये जाहीर केलं की यंदा नाटक नाही, सिनेमा. विनोदी. काऊबॉय सिनेमाची टिंगल करणारा. वार्षिक संमेलनात मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि मग मोबाइलवर टाकायचा, सगळ्या जगाने पाहावा असा.

गोष्ट त्यांनी समोशाच्या बशीवर समजावून दिली. एक उजाड गाव. त्याचा शेरीफ, म्हणजे अमेरिकेतला ठाणेदार, एक नंबरचा भित्रा. त्याचं पिस्तूल कधीच उडत नाही. एके दिवशी रेड इंडियन हल्ला करतात, आणि हा घाबरून पळताना अडखळतो, पिस्तूल पडतं, उडतं आणि चुकून लढाई जिंकतो.

"आणि वाळवंट?" कोणीतरी विचारलं.

"अहो, राखेच्या बंधाऱ्याअलीकडचा तो माळ पाहिलाय ना तुम्ही? इतकी अमेरिका अमेरिकेत तरी असेल का?"

त्या राखेला असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. माझी छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीनेच मी म्हणालो, "साहेब, शेरीफ मी करतो."

कँटीन हसलं. शेरीफ कोण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं: हिशेब विभागातले आमचे गोरे, उंच, मिशीवाले भाऊ. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्ही तर माझे चीफ! टोळीचे सरदार! ओरिजिनल माणूस घरात असताना मी बाहेर कशाला शोधू?"

"ओरिजिनल एकच हाय साहेब," मी म्हणालो. "सरदाराले टोळी लागते. ती कुठून आणता? ऑफिसातले हे पोटवाले उघडे करता काय?"

साहेबांनी कँटीनभर नजर फिरवली. पोटं दिसली.

"टोळी मी देतो," मी म्हणालो. "आख्खं गाव देतो. पण मंग शेरीफ मी."

साहेबांनी थोडा वेळ समोसा चावला आणि हात पुढे केला. त्या क्षणी आपण काय देऊन काय घेतो आहोत, हा विचार माझ्या मनात आला असता तर बरं झालं असतं. माझ्या मनात टोपीचा विचार होता.

पिसांचे टोप आम्ही चंद्रपुरातल्या एका मुसलमान कारागिराकडून करवून घेतले. तो वरातीच्या घोड्यांचे तुरे करतो. कोंबडीची पिसं रंगवून, पुठ्ठ्यावर चिकटवून त्याने खोकं भरून दिलं आणि विचारलं, "भाऊ, इतके नवरदेव एकदम? सामूहिक विवाह हाय काय?"

गावाकडे शूटिंगला एकच दिवस होता. कॅमेरेवाल्याला तेवढाच रविवार मोकळा होता. पहाटेच निघालो. जीपमध्ये साहेब, कॅमेरेवाला, ड्रायव्हर, पिसांचं खोकं आणि शेरीफच्या पूर्ण वेशात मी. छातीवर पत्र्याचा तारा. वाटेत सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणारे मालाचे ट्रक एकामागून एक जात होते आणि प्रत्येकाच्या लाल धुळीत साहेब खिडकीची काच खाली करून म्हणत होते, "वा! काय टेक्स्चर आहे!" मुलचेऱ्याला चहाला थांबलो. टपरीवाल्या बंगाली दादाने मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि चहा देता देता आदराने विचारलं, "दादा, सर्कस किधर लगा है?"

गाव आलं. गाव आधीच नाल्याजवळच्या मोकळ्या जागेत जमलेलं होतं. साहेब उतरले, त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि मला बाजूला घेतलं.

"लग्न आहे का हो इथे कोणाचं?"

"नाई साहेब."

"मग हे लोक कोण?"

"हीच टोळी."

फोटो निघणार म्हटल्यावर माणूस काय करेल? गाव नटून आलं होतं. माझे मामा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि काळा चष्मा लावून उभे होते. आमच्यात मामाची मुलगी करतात, म्हणून माझे मामा हेच माझे सासरे. गावसभेत शेवटचा शब्दही त्यांचाच. त्यांच्या बाजूला माझी म्हातारी आत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल चोपडून. पोरं जीन्समध्ये. एकाच्या बनियनवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, ते वाचून साहेब जरा लाजले.

"ह्यांना... शर्ट काढायला सांगता का?" साहेब हळूच म्हणाले.

मी मामांना आमच्या बोलीत सांगितलं.

"काऊन?" मामा म्हणाले. "डॉक्टर आला काय?"

तरी सुरुवात वाईट नव्हती. खोकं उघडल्याबरोबर पोरांनी टोप पटकावले, डोक्यावर चढवले आणि एकमेकांचे फोटो काढू लागले. दोघांनी शर्टही काढले. साहेबांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी पिस्तुलाच्या पट्ट्यात अंगठे खोचले. एवढ्यात मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"बसू," ते म्हणाले. "विषय हाय."

आता आमच्या गावाची रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणतीही गोष्ट गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, बसल्याशिवाय होत नाही. बांबू विकायचा असो, बोअर मारायची असो. आणि बसल्यावर हात वर करून मोजत नाहीत. प्रत्येकाने तोंडाने हो म्हणायचं. एकही माणूस नाही म्हणाला तर ठराव होत नाही, मग ज्याला जे करायचं ते तो करायला मोकळा. मीही त्या गावचाच, घर आहे, शेताचा तुकडा आहे. म्हणून माझंही हो लागतं.

"पाच मिनिटांचं काम असेल ना?" साहेबांनी विचारलं.

"त्याच्याआधीच होते साहेब," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

गोटुलात सगळे बसले. साहेबांना प्लास्टिकची खुर्ची दिली. मी मधोमध, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे न्यायला. आधी मला पूर्ण गोष्ट सांगायला लावली. मी ती इतकी रंगवून सांगितली की शेरीफ अडखळून पडतो तिथे मी खरोखर पडलो. गाव खूश झालं. मग प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न आमच्या ढोरक्याने विचारला. गावाची गुरं चारणारा तो. काऊबॉय म्हणजे गुराखी, हे मी सांगून बसलो होतो.

"म्हणजे हिरो ढोरकी हाय?" त्याने उठून सगळ्यांकडे पाहिलं. त्याचा दिवस उगवला होता. "अन् ढोरं कुठी हायेत?"

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "गुरं दाखवत नाहीत त्यात. ती असतातच कुठेतरी."

"दिवसभर गोळ्या मारते अन् ढोरं कुठीतरी असते?" ढोरकी खाली बसला. "असा ढोरकी गाव एक दिवस बी ठेवणार नाई."

गाव हसलं, साहेबही हसले. बाहेर ऊन सरकत होतं आणि कॅमेरेवाला दारात उभा राहून त्या सरकत्या उन्हाकडे बोट दाखवत होता. मग आत्याने तोंडातला खर्रा गालाच्या दुसऱ्या बाजूला नेला.

"हे पिसंवाले कोन्या गावचे?"

मी सांगितलं. अमेरिकेचे. तिथले पहिलेचे लोक. जंगलात, माळावर राहायचे. मग बाहेरून हे काऊबॉय लोक आले.

"अन् मंग?"

"मंग त्याइची जागा घेतली."

"आपल्याले कोन्याच्या अंगावर धावून जायचं हाय? जे आले त्याइच्या?"

"हो."

"अन् मरायचं बी आपण?"

"खोटं खोटं, आत्या."

आत्याने मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. पण मामांनी घसा साफ केला, आणि मामा घसा साफ करतात तेव्हा काहीतरी जुनं निघतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"हे सोंग घ्याले त्या गावानं हो म्हटलं काय?"

"कोन्या गावानं?"

"पिसंवाल्याइच्या."

आता हे का निघालं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावाने त्यांच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडार केली. दंडार म्हणजे आमच्याकडचं गाणं-नाच-सोंगाचं नाटक. त्यात त्यांनी आमचं गाव दाखवलं. आमच्या गावाला प्रवासी निवारा बांधून मिळाला होता, पण बस काही आली नव्हती. तर त्यांची पोरं नवे कपडे घालून, छत्र्या घेऊन त्या निवाऱ्यात बसलेली दाखवली. बसायची, डुलक्या घ्यायची, म्हातारी व्हायची. सगळी मंडई लोळून हसली. खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. आमच्या गावाने त्या गावाला बोलावलं. वाद झाला, त्यांनी बकरा दिला, दोन्ही गावांनी मिळून खाल्ला आणि ठरलं, की कोणाच्या गावाचं सोंग घ्यायचं तर आधी त्या गावाला विचारायचं.

त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. का जाऊ नये? चालून आलेला रंगमंच होता तो. मी भाषण ठोकलं होतं. जन्मात मला मिळालेला तो एकच लांब संवाद, आणि तोही मीच लिहिलेला.

मामांना तो पाठ होता. ते उठून उभे राहिले आणि माझ्यासारखाच उजवा हात हवेत फिरवून म्हणाले, "आमचं सोंग घ्यायचं असन त आधी आमच्या गोटुलात या! आमच्यासमोर बसा! आम्ही हो म्हटलं, त मंग आमच्यावरच आमाले पोट धरून हसवा!" मग बसले. "कोन बोललं होतं हे?"

"मी."

"अन् बकऱ्याचं काळीज कोन खाल्लं होतं?"

"मी."

साहेबांना मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. ते भले माणूस. चिडले नाहीत. "अहो, पण ते लोक अमेरिकेत! त्यांना कसं विचारणार? आणि तसे लोक आता राहिलेत कुठे? जुनी गोष्ट आहे ही."

हे मी जसंच्या तसं भाषांतर करून टाकलं. करायला नको होतं.

"राह्यले नाई म्हणजे?" आत्या म्हणाली. "सगळेच्या सगळे?"

टोप घातलेली पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यातलाच एक उठला, तसाच टोप घालून गावामागच्या खडकावर गेला, कारण आमच्या गावात मोबाइलला रेंज फक्त त्या खडकावर येते. आम्ही बसून राहिलो. कॅमेरेवाल्याने कॅमेरा पिशवीत घातला, पुन्हा काढला. पोरगा धापा टाकत आला.

"हायेत," तो म्हणाला. "लय हायेत."

मोबाइल हातोहात फिरला. एक बाई जीन्स घालून गाडीला टेकून उभी. एक चष्मेवाला माइकसमोर हात उगारून बोलतो आहे, अगदी आमच्याकडच्या मोर्चासारखा. पोरं कोणत्यातरी कागदी बशीत काहीतरी खात आहेत. "हे त आपल्यासारखेच कपडे घालते," कोणीतरी म्हणालं. एका फोटोत मात्र एक म्हातारा तसाच पिसांचा टोप घालून उभा होता. त्याच्या आसपास कोणी हसत नव्हतं.

मामांनी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग हात लांब करून बाजूच्या पोराच्या डोक्यावरचा टोप अलगद काढला आणि खोक्यात ठेवला. "हे कोनाच्या तरी देवाकामाचं दिसते," ते म्हणाले. मग बाकीच्या पोरांनीही काढले. कोणी सांगितलं नव्हतं.

"आता हायेत त विचारा त्याइले," आत्याने साहेबांना सरळ मराठीतच सांगितलं. "फोन हाय ना तुमच्याजवळ?"

"आणि विचारलं नाही तर? त्यांना कळणार कसं?" साहेब आता थेट तिच्याशीच बोलू लागले होते.

"जगाले दाखवणार म्हणता ना मोबाइलवर? ते जगातच राह्यते ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तारा पुसला.

मग साहेबांनी शेवटचा उपाय काढला, आणि त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. गावाला अभिमान वाटेल, असंच त्यांना वाटलं. त्यांनी स्वतःचा फोन काढला. "हे बघा, तुमचा माणूस किती छान करतो. यात काही अपमान-बिपमान नाही. गंमत असते."

मला समजलं काय येणार आहे, पण माझा हात पोचेपर्यंत फोन मामांच्या हातात गेला होता. मंडळाच्या मागच्या नाटकातला तुकडा. मी. कमरेला पानं, अंगाला काळा रंग, म्हणजे होता त्याच्यावर आणखी काळा. हातात भाला. "हुर्र. हुर्र." आणि नायिकेभोवती नाच.

पुन्हा मोबाइल हातोहात फिरला. प्रत्येकाच्या हातात गेला की त्यातून माझं हुर्र ऐकू यायचं. आधी भुकेलं, मग रागावलेलं, मग प्रेमातलं. पुढच्याकडे गेलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्याच आवाजाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि खरं सांगतो, त्यातही मनाचा एक कोपरा म्हणत होता की तिसरं हुर्र जमलंय.

"हा कोन्या गावचा हाय?" मामांनी विचारलं.

"कोन्याच नाई, मामा. जंगली हाय."

"जंगली म्हणजे कोन?"

कँटीनमध्ये हे कधीच कोणाला सांगावं लागलं नव्हतं. गोटुलात मात्र एकालाही माहीत नव्हतं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब बुटांकडे पाहत होते.

"अन् बोलते काय?"

"काहीच नाई. आवाज हाय नुसता."

"पाय त आपलेच टाकून राह्यला," आत्या मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली. बरोबर होतं. नाच बसवताना दुसरं काही सुचेना, म्हणून मी आमच्या रेला नाचाचे पाय घातले होते. कॉलनीत कोणाला ओळखू येणार होतं?

"बकरा घ्या याच्याकडून!" ढोरकी ओरडला आणि गाव फुटलं. आत्या हसता हसता खोकू लागली. मीही हसलो. तिथे बसून दुसरं काय करता येतं? मामांनी मात्र दोन्ही बाजू तोलल्या. ज्याला गाव नाही त्याच्या वतीने दंड मागायला कोण येणार? म्हणून हे प्रकरण निघत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी सुटलो. दंड झाला असता तर बरं वाटलं असतं.

सगळे शांत झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, तेही सासऱ्याच्या आवाजात, "पोरीनं पाह्यलं हे?"

"हो. पहिल्या रांगेत होती."

"काय म्हणाली?"

काय म्हणाली होती? मला आठवेना. डबा मिळाला, तो तिने घासून वापरायला काढला, एवढं आठवलं.

मग ठराव सुरू झाला: त्या लोकांना विचारल्याशिवाय आपण त्यांचं सोंग घ्यायचं नाही. एका टोकापासून हो यायला लागलं. आत्याचं हो. ढोरक्याचं हो, तेही रागात. पोरांनी जरा कुरकुर केली, कारण त्यांना मोबाइलवर दिसायचं होतं. पण फोटोतल्या त्या म्हाताऱ्याकडे एकदा पाहून त्यांनीही हो म्हटलं. हो सरकत सरकत माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं.

मी नाही म्हटलं असतं तर ठराव पडला असता. पोरं मोकळी झाली असती, ऊन अजून होतं, आणि मी शेरीफ झालो असतो. टोपी माझ्या मांडीवर होती. मागे साहेबांनी मला अंगठा दाखवला. त्यांना वाटत होतं मी किल्ला लढवतो आहे.

"हो," मी म्हणालो.

"मोठ्यानं," मामा म्हणाले.

"हो!" माझा रंगमंचावरचा आवाज. तो जीपमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरपर्यंत गेला.

साहेब ताडकन उठले. "काय झालं? सगळे हो म्हणाले ना?"

"सगळे म्हणाले, साहेब."

"मग चला! पोझिशन घ्या!"

त्या माणसाला समजावून सांगताना मला जे कष्ट पडले, ते सांगत नाही.

गावाने आम्हाला उपाशी सोडलं नाही. कोंबडं झालं, भात झाला. मामांनी साहेबांना आग्रह करून वाढलं आणि म्हणाले, "आमच्यावर काढा ना पिच्चर. बस थांब्यावर. आम्ही हो म्हणतो, आताच बसू." साहेब म्हणाले, बघू. परत येताना आलापल्ली मागे पडली. मग साहेबांनी विचारलं, "निदान चीफ तरी तुम्ही कराल? एकटेच?"

"नाई जमणार साहेब. मी हो म्हटलं ना तिकडं."

"इथे कोणाला कळणार आहे?"

"मामाची पोरगी घरीच हाय माझ्या."

शेरीफ हिशेबवाल्या भाऊंना गेला. ते बरोबरच होतं. टोळीच्या बदल्यात शेरीफ ठरला होता आणि टोळी मी आणली नव्हती. पण साहेब हुशार माणूस. त्यांनी गोष्टच बदलली. गाव हल्ल्याची वाट पाहतं, आणि हल्ला येतच नाही. दूर धूळ उडते, सगळे टेबलाखाली शिरतात, धूळ बसते, कोणी नाही. पुन्हा धूळ. पुन्हा टेबल. लोक टेबलाखालीच जेवायला लागतात, भांडतात, शेरीफला दाढी येते. सांगायला जिवावर येतं, पण सिनेमा आमच्या मूळ गोष्टीपेक्षा चांगला झाला. धूळ उडवायला राख समजणारा माणूस हवा होता. तो मी होतो. घमेल्यात वाळकी राख घेऊन, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उकिडवा बसून, खूण झाली की उधळायची. उधळून मी मागे पळायचो, म्हणजे कपाळाचा घामसुद्धा पडद्यावर येऊ नये.

संमेलनात लोक खुर्च्यांवरून घसरले. माझ्या प्रत्येक घमेल्याला हशा आला. मी बायकोशेजारी बसून हसत होतो, आणि शेवटी पाट्या वर सरकू लागल्या. शेरीफ: हिशेबवाले भाऊ. दिग्दर्शक: साहेब. आणि मग, ठळक अक्षरांत, चीफ: त्यापुढे माझं नाव.

मी साहेबांकडे धावलो. ते खूश होते. "तुमच्यावर अन्याय झाला हो," ते म्हणाले. "निदान नाव तरी असावं, असं मला वाटलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय म्हणणार? थँक्यू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सिनेमा मोबाइलवर गेला.

चार-पाच दिवसांनी मामांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता, म्हणजे खडकावरून बोलत होते.

"पिच्चर पाह्यला. चांगला हाय. ढोरं बाकी दिसली नाई."

"हो, मामा."

"शेवटी तुझं नाव हाय. सरदार म्हणून."

"साहेबांनी टाकलं. मी कुठी दिसतो काय त्यात? पाहा ना पुन्हा. हात तरी दिसते काय?"

"नाई दिसत."

"मंग सोंग घेतलंच नाई ना मी."

तिकडे मामांनी घसा साफ केला.

"घेतलं बी नाई अन् नाव बी हाय," मामा म्हणाले. "मले एकट्याले नाई समजून राह्यलं हे. रविवारी ये. बसाव लागन."

रविवारच्या पाळीसाठी रजेचा अर्ज मी दिला आहे. साहेबांनी लगेच मंजूर केला, कारणही विचारलं नाही. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.